चालतेय, म्हणून ठीक आहे?

दुकानात डिस्क घेऊन येणारा माणूस ती कव्हरमधून काढतो, उलटी करतो, चकचकीत बाजू ट्यूबलाइटखाली तिरकी धरतो आणि म्हणतो, "बघा, एक ओरखडा नाही. तरी का लागत नाही?"

तो चुकीच्या बाजूला बघत असतो. ज्या बाजूवर गणपतीचं स्टिकर आहे, बॉलपेननं 'मुंज, भाग २' असं गिरवलंय, माहिती त्या बाजूला असते. सीडीची जाडी १.२ मिलिमीटर आणि त्यातलं जवळपास सगळं स्वच्छ पारदर्शक पॉलिकार्बोनेट. खालून आलेला लेझर ती जाडी पार करतो, लेबलाच्या अगदी खाली असलेल्या धातूच्या थरावर पोचतो आणि तिथून परत फिरतो. त्या थराच्या वर फक्त लॅकरचा पातळ लेप आणि छपाईची शाई. खालच्या बाजूचा ओरखडा बरेचदा पॉलिश करून घालवता येतो. वरून पेनचं टोक जोरात दाबलं, तर माहितीच खरवडली जाते. डीव्हीडीत माहितीचा थर दोन पातळ चकत्यांच्या मधोमध असतो, त्यामुळे ती जरा सुरक्षित. पण आपल्याकडच्या कपाटांत सीडी आणि व्हीसीडी भरपूर आहेत, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

माझं दुकान मिरजेत आहे. टेपरेकॉर्डर दुरुस्तीपासून सुरुवात, मग सीडी आणि व्हीसीडी प्लेअर, मग लग्नाच्या कॅसेटी सीडीवर उतरवून द्यायच्या, आणि आता त्याच सीडी पेनड्राइव्हवर घेऊन द्यायच्या. गिऱ्हाईक तेच, लग्न तेच, नवरा-नवरीचे केस तेवढे पिकलेले. या सगळ्या काळात एक वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की त्यावर लिहायलाच हवं: "मागच्या दिवाळीला तर चालत होती." बरोबर आहे, चालत असेल. आणि त्या दिवाळीलाच ती शेवटच्या घटका मोजत असेल. डिस्क चालते यावरून ती ठणठणीत आहे असं समजणं, हा घरांतला आणि सरकारी कचेऱ्यांतला सारखाच गैरसमज आहे. त्यापायी आपण हातातली माहिती घालवतोय.

हे का, ते समजायला डिस्क वाचली कशी जाते ते थोडं बघावं लागेल. मला त्याचा कंटाळा कधीच आला नाही.

सीडीवरची माहिती एकाच अखंड वळणात असते. ते मधल्या भोकाच्या बाजूनं सुरू होतं आणि कडेकडे जातं. ग्रामोफोनच्या तबकडीच्या बरोबर उलट. दोन शेजारच्या वळणांतलं अंतर १.६ मायक्रॉन. म्हणजे एका मिलिमीटरच्या रुंदीत सव्वासहाशे वळणं. सगळं उलगडून सरळ केलं तर साधारण साडेपाच किलोमीटर भरेल. मिरजेहून सांगलीला निघालात तर निम्मी वाट संपेल. या वाटेवर खळगे आहेत. रुंदी अर्धा मायक्रॉन, लांबी पाऊण-एक मायक्रॉनपासून तीन-साडेतीनपर्यंत. लांब-आखूड कितीही नाही, ठरवून दिलेल्या फक्त नऊ लांब्या.

खळग्यात उजेड पोचत नाही म्हणून तिथं काळं दिसतं, असं दुकानात शिकायला येणारी पोरं सांगतात. तसं नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डोळ्याला जेमतेम लालसर जाणवणारा. प्लास्टिकमध्ये शिरला की त्याची तरंगलांबी कमी होऊन पाचशेच्या आसपास येते. खळग्याची खोली मुद्दाम त्याच्या साधारण एकचतुर्थांश ठेवलेली असते. लेझरचा ठिपका खळग्यापेक्षा रुंद असतो, त्यामुळे थोडा प्रकाश खळग्यावरून परततो आणि थोडा शेजारच्या सपाटीवरून. जाण्यायेण्याचं अंतर धरलं तर दोघांत अर्ध्या तरंगाचा फरक पडतो. एकाची लाट वर असते तेव्हा दुसऱ्याची खाली, आणि दोघं एकमेकांना संपवतात. प्रकाशानंच प्रकाश विझवायचा, आणि त्या विझण्यावरून गाणं वाचायचं. हे ज्यानं पहिल्यांदा कागदावर मांडलं असेल त्याला माझा नमस्कार.

खळगा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक, असंही नाही. खळग्याची कड आली की एक. दोन कडांमधल्या अंतरावरून किती शून्यं ते कळतं. सीडीवर एवढंच लिहिलेलं असतं: कड कुठं आहे आणि पुढची कड किती लांब आहे.

आता हे वाचायचं कसं? फिरणारी डिस्क कधीच पूर्ण सपाट नसते. अर्धा मिलिमीटर वरखाली होणं नियमाला धरून आहे. आणि लेन्सला मात्र त्या थरापासूनचं अंतर एक-दोन मायक्रॉनच्या आत सांभाळायचं असतं. त्यासाठी लेन्स बारीक तारांवर अधांतरी ठेवलेली असते आणि कॉइल तिला सतत वरखाली आणि डावीउजवीकडे हलवत राहते. परत आलेला प्रकाश चार भागांच्या एका सेन्सरवर पडतो. ठिपका गोल असेल तर अंतर बरोबर. तो एका बाजूला तिरका लांबला तर लेन्स फार जवळ, दुसऱ्या बाजूला लांबला तर फार दूर. प्लेअरचं झाकण उघडून डिस्क न घालता चालू केलात, तर लेन्स दोन-तीनदा वरखाली होते. ती डिस्क शोधत असते. आम्ही दुरुस्तीला बसलो की पहिली गोष्ट हीच बघायचो. लेन्स हलते का, तिरक्या नजरेनं लाल ठिपका दिसतो का. सरळ डोळा लावायचा नाही, हे शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी सांगायचं.

पिकअपवर, म्हणजे लेन्स आणि लेझर बसवलेल्या भागावर, एक एवढासा प्रीसेट असतो. लेझर म्हातारा झाला की तो जरा फिरवला की करंट वाढतो आणि अडकणारी सीडी पळायला लागते. गिऱ्हाईक खूश, मेकॅनिकला पैसे लगेच. पण त्या ओढाताणीत लेझर लवकरच कायमचा जातो. व्हीसीडीच्या भराच्या काळात या प्रीसेटवर बऱ्याच जणांची चूल पेटली, ते असो.

लेन्स डिस्कला कधीच शिवत नाही. टेपचं हेड टेप घासून वाचतं, ग्रामोफोनची सुई खोबण घासून वाचते. इथं फक्त उजेड लागतो. आणि धूळसुद्धा बऱ्यापैकी माफ, कारण डिस्कच्या खालच्या पृष्ठभागावर लेझरचा झोत पाऊण मिलिमीटर रुंद असतो आणि माहितीच्या थरापर्यंत पोचेपर्यंत आक्रसून पावणेदोन मायक्रॉनचा होतो. खालच्या बाजूचा धुळीचा कण त्या झोतात नुसता अंधुक होऊन जातो.

फिलिप्सनं आपल्या आइंडहोव्हन गावात ही गोष्ट पत्रकारांना ८ मार्च १९७९ ला दाखवली. पुढं सोनी सोबत आली आणि १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये पहिला प्लेअर विकायला आला. इतिहास एवढा पुरे. मला ज्याबद्दल बोलायचंय ते गणित याच्या बरंच आधीचं आहे. १९६० साली आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी एक छोटा शोधनिबंध लिहिला. आकड्यांच्या ओळीला ठरावीक जादा आकडे जोडले, तर मधले काही आकडे हरवले तरी उरलेल्यांवरून ते नेमके परत काढता येतात, असा त्याचा अर्थ. सीडीवर २४ बाइट संगीतामागे ८ बाइट असे जादाचे असतात.

पण ओरखडा आकडे सुटे सुटे खात नाही, सलग खातो. म्हणून आणखी एक युक्ती केली. शेजारशेजारचे आकडे डिस्कवर शेजारी लिहायचेच नाहीत, लांब लांब विखरून टाकायचे. हरभरा एका वाफ्यात आणि शाळू दुसऱ्या वाफ्यात असं न करता प्रत्येक वाफ्यात सगळ्याचं थोडं थोडं बी पेरलं, तर गारपिटीत एक वाफा झोपला तरी कुठलंच पीक पुरतं जात नाही, तसं. अडीच मिलिमीटरचा सलग तुकडा, म्हणजे सुमारे चार हजार बिट, गेला तरी प्लेअर तो जसाच्या तसा भरून काढतो. अंदाजे नव्हे, तंतोतंत. म्हणूनच सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसायची, गोल गोल नाही. आडवा ओरखडा प्रत्येक वळण एका जागी कापतो आणि ते गणिताला झेपतं. वळणाच्या दिशेनं गेलेला ओरखडा सलग खातो, ते झेपत नाही.

आणि इथंच गोम आहे.

कॅसेट म्हातारी होते तशी ऐकू येते. आवाज दबतो, सूं सूं वाढते, मधेच टेप लडबडते. घरातल्या कुणालाही कळतं की हिचं काही खरं नाही, दुसरी उतरवून घेतली पाहिजे. सीडी असलं काही सांगत नाही. तिच्यावर बारीक बारीक चुका वाढत जातात, आणि प्रत्येक चूक ते साठीच्या सालचं गणित गुपचूप दुरुस्त करतं. ऐकणाऱ्याला पहिल्या दिवसाइतकाच स्वच्छ आवाज मिळतो. चुका गणिताच्या ताकदीबाहेर गेल्या की मग एकदम. गाण्याची सीडी असेल तर प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून मधला ठोकताळ्यानं भरतो आणि थोडा वेळ निभावतो. फाइलमध्ये ठोकताळा चालत नाही, ती उघडतच नाही. आणि व्हीसीडीचं सगळ्यात वाईट. कॉम्प्युटरच्या सीडीवर फाइलींसाठी दुरुस्तीचा आणखी एक थर असतो. व्हीसीडीत चित्राला जास्त जागा मिळावी म्हणून तो गाळलेला आहे. म्हणजे ज्या घरांत आयुष्यातला सगळ्यात मोठा समारंभ व्हीसीडीवर ठेवलाय, त्यांनी तो सगळ्यात कमी सांभाळल्या गेलेल्या जागी ठेवलाय. पंगत चालू असताना पडद्यावर चौकोन फुटायला लागले की त्याचा अर्थ हा.

यावर एक उपाय आहे, आणि तो डिस्क बाजारात आल्यापासून आहे. प्लेअर किती चुका दुरुस्त करतोय ते मोजता येतं. सीडीच्या मूळ नियमावलीतच लिहिलंय की दुरुस्तीच्या पहिल्या पातळीवरच्या चुका सेकंदाला सरासरी २२० च्या वर जाता कामा नयेत, आणि दुसऱ्या पातळीवर दुरुस्त न होणारं काही उरताच कामा नये. जुन्या 'नीरो'बरोबर डिस्कचा दर्जा तपासणारा एक छोटा प्रोग्राम यायचा. आम्ही सगळे नीरो फक्त सीडी मारायला वापरायचो, तो प्रोग्राम उघडायचा कुणी नाही. सगळे ड्राइव्ह हे आकडे देत नाहीत, काही देतात. माझ्याकडे दोन जुने रायटर एवढ्याचसाठी जपून ठेवलेत. गिऱ्हाइकाची डिस्क छान चालत असताना स्क्रीनवर चढत जाणारा आलेख त्याला दाखवला की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. समोर चित्र झकास, आणि शेजारी आलेख सांगतोय की हिचे थोडेच दिवस राहिलेत.

आता डिस्क म्हातारी का होते ते. लोकांना वाटतं सीडी म्हणजे सीडी. नाही. कंपनीची छापील डिस्क आणि आपण राइट केलेली डिस्क, या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि योगायोगानं एकाच आकाराच्या आहेत. छापील डिस्कवरचे खळगे खरेखुरे असतात. काचेच्या चकतीवर मूळ नमुना लेझरनं कोरतात, त्यावरून निकेलचा ठसा बनवतात आणि तापलेलं पॉलिकार्बोनेट त्या ठशावर दाबून डिस्कमागून डिस्क काढतात. वर ॲल्युमिनियमचा थर. कोरीव काम आहे, सहजासहजी जात नाही. कारखान्यातच काही बिघडलं असेल तर जातं. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या एका कारखान्यातून १९८८ ते १९९३ या काळात निघालेल्या बऱ्याच सीडी पुढं तांबूस पडत गेल्या, लॅकर नीट न निवडल्यामुळे. पण तो अपवाद.

राइट करायच्या कोऱ्या डिस्कमध्ये खळगे नसतातच. रिकामी गुळगुळीत खोबण असते आणि तिच्यावर सेंद्रिय रंगाचा थर. रायटरचा लेझर वाचतानापेक्षा कितीतरी पट ताकदीनं पेटतो, त्या रंगाला ठिपक्या-ठिपक्यानं तापवतो आणि तिथं रंग असा बदलतो की परतणारा प्रकाश कमी होतो. वाचणाऱ्या प्लेअरला ते खळग्यासारखंच वाटतं. म्हणजे आपण सीडी 'मारली' म्हणतो तेव्हा एका रंगाला जाळलेलं असतं, आणि न जळलेला रंग शेजारी तसाच आहे. त्याला ऊन लागलं, टीव्हीच्या वरची गरमी लागली, दमट हवेत चांदीचा थर काळवंडला, की जळलेलं आणि न जळलेलं यांतला फरक पुसट होत जातो. सायनीन नावाचा रंग उन्हाला लवकर हरतो, थॅलोसायनीन जास्त टिकतो. डब्यावर कुठला रंग ते लिहिलेलं नसायचं, आणि असतं तरी आम्ही वाचलं नसतं. पन्नासचा टॉवर कितीला पडतो तेवढंच बघितलं जायचं.

म्हणून एक विचित्र प्रकार मी रोज बघतो. मोझर बेअरनं २००७ च्या सुमारास सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढल्या. पायरसीवर मात करायची तर स्वस्तात विका, असं त्यांचं धोरण होतं. ती कंपनी गेली, २०१८ मध्ये अवसायनात निघाली. पण त्यांची २८ रुपयांची छापील व्हीसीडी आज घातली तरी सुरू होते. आणि त्याच कपाटातल्या, मखमली अल्बमच्या खिशात घालून ठेवलेल्या लग्नाच्या डिस्कवर 'नो डिस्क' येतं. ज्या सिनेमाची कुणाला आठवण नाही तो राहिला.

मिरजेत याहून मोठं नुकसान गाण्याचं झालंय. इथं दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं, आणि घरगुती बैठकाही होत आल्या. रसिकांकडे त्याच्या खासगी कॅसेटी असायच्या. पुढच्या रांगेत बसून, छोटा टेपरेकॉर्डर मांडीवर ठेवून केलेल्या. २००० नंतरच्या काही वर्षांत यातल्या पुष्कळ कॅसेटी सीडीवर उतरल्या. जागा वाचते, आवाज स्वच्छ, पाहिजे तो राग बटण दाबून लावा. उतरवून झाल्यावर कॅसेटी भंगारात किंवा पोरांच्या हातात. आज त्यातल्या ज्या थोड्या कॅसेटी कुठं माळ्यावर राहिल्या, त्या पिंच रोलर साफ करून, फेल्ट पॅड बदलून वाजतात, घरघरत का होईना. त्यांच्या सीडी आल्या की मी ड्राइव्ह बदलून बदलून बघतो. काही निघतात. काहींचा पहिला अर्धा तास निघतो आणि बाहेरची कड, जिथं शेवटची भैरवी असते, ती जाते. कडेचा भाग आधी जाणं नेहमीचं. तिथं बोटं लागतात, तिथं डिस्क वाकते आणि तिथूनच ओल आत शिरते.

डिस्कला नावं ठेवतोय असं वाटू नये म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला तेव्हा सांगलीकडचे लोक चिखलानं भरलेल्या डिस्क पिशवीत घालून आणायचे. फोटोंचे अल्बम एकमेकांना चिकटून लगदा झालेले. डिस्क मात्र स्वच्छ पाण्यात धुवून, उभ्या ठेवून वाळवल्या आणि चालल्या. सगळ्या नाहीत, पण इतक्या की मीच चकित झालो. कागदी स्टिकर लावलेल्या तेवढ्या गेल्या. स्टिकर फुगला आणि सोलताना चंदेरी थर घेऊन आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेनं २००३ साली डिस्क सांभाळण्याची एक पुस्तिका काढली, तीत स्टिकर लावू नका, पाण्याच्या शाईच्या मऊ मार्करनं लिहा, उभ्या ठेवा, हे सगळं आहे. आपल्याकडे मात्र नवरा-नवरीचा रंगीत फोटो छापलेला गोल स्टिकर ही स्टुडिओची शान होती.

घरचं जे आहे ते घरचं. माझा खरा राग कचेऱ्यांवर आहे. फाइलला पंचिंग मशिननं भोक पाडून त्यात प्लास्टिकच्या खिशात सीडी लावलेली असते, आणि फायलीवर फायली रचलेल्या. म्हणजे लेबलाच्या बाजूवर वरच्या फायलींचा सगळा भार. मी एकदा एका कचेरीत अर्जासोबत डिस्क दिली. खिडकीवरच्या साहेबांनी ती उघडून बघितली नाही, शिक्का मारून फायलीत टाकली. शिक्का डिस्कवर मारला, शाईचा, लेबलाच्या बाजूला. मी तिथं काही बोललो नाही. खिडकीमागच्या कॉम्प्युटरला ड्राइव्हच नव्हता.

कोर्टाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत असायला हवी, कारण ती जालन्याची आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर दिले गेले का, असा वाद होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं चित्रण, डिस्कवर उतरवून दिलेलं. त्याबरोबर लागणारं कायद्याचं प्रमाणपत्र मात्र हा वाद कोर्टात नेणाऱ्या कैलास गोरंट्याल यांना मागूनही अधिकाऱ्यांकडून मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानं १४ जुलै २०२० च्या निकालात ते कायम ठेवलं. मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर प्रमाणपत्र पाहिजेच, हा नियम त्या निकालानं पक्का केला. ज्याला सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही त्याला अडवायचं नाही, हेही सांगितलं. खटले आणि अपिलं संपेपर्यंत इलेक्ट्रॉनिक पुरावा सांभाळायचे नियम करा, असंही त्याच निकालात आहे. या शेवटच्या भागाबद्दल मी वकील मित्रांना विचारलं, तर चर्चा पुन्हा प्रमाणपत्रावर येते.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य कायदा आहे. त्यातल्या प्रमाणपत्रात आता हॅश लिहावा लागतो, म्हणजे फाइलच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली एक छोटी खूण. चांगलं आहे. एक बिट जरी बदलला तरी खूण जुळत नाही, त्यामुळे कुणी फेरफार केला तर पकडला जाईल. पण ही खूण डिस्कला जिवंत ठेवत नाही. दहा वर्षांनी अपिलाची तारीख आली आणि रंग उडून चार सेक्टर वाचता आले नाहीत, तर हॅश निघणारच नाही. प्रामाणिक पक्षकाराचा पुरावा आणि फेरफार केलेला पुरावा त्या दिवशी सारखाच निकामी.

माझी मागणी फार मोठी नाही. ज्या कचेरीला डिस्क स्वीकारायची आहे तिनं ती खिडकीवरच, देणाऱ्याच्या समोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचावी, दोन जागी उतरवून घ्यावी आणि मगच पोच द्यावी. ज्या जुन्या डिस्क ठेवायच्याच आहेत, त्यांची वर्षातून एकदा चुकांची मोजणी व्हावी आणि आकडा वाढलेल्या डिस्कची प्रत त्याच आठवड्यात निघावी. नगरवाचनालयं, कॉलेजांतल्या प्रबंधांसोबतच्या सीडी, भूमापनाची कामं, हे सगळं यात येतं. एक ड्राइव्ह, एक प्रोग्राम आणि एक शिकलेला माणूस लागतो. आमच्यासारख्या दुकानदारांना धंदा मिळावा म्हणून सांगतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आमच्याकडे देऊ नका, तुमच्याच माणसाला शिकवा, मी फुकट शिकवायला येतो.

"आता सगळं क्लाउडवर टाका की," असं माझा पुतण्या म्हणतो. टाका. पण टाकण्याआधी डिस्क वाचावी तर लागेल ना? आणि पेनड्राइव्हवर घेऊन कपाटात टाकून दिलं तर आगीतून फुफाट्यात. त्यात विजेचा भार साठवलेला असतो आणि तो वर्षानुवर्षं तसाच पडून राहिला की गळतो. दोन वेगळ्या जागी, दोन वेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर ठेवा आणि अधूनमधून उघडून बघा, यापलीकडे मला उपाय माहीत नाही.

वेळ मात्र कमी आहे, आणि तो फक्त डिस्कच्या रंगामुळे नाही. नव्या लॅपटॉपना ड्राइव्ह येत नाही. सोनीनं २०२५ च्या फेब्रुवारीत लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. यूएसबीवर चालणारे रायटर अजून मिळतात, किती दिवस मिळतील कोण जाणे. तेव्हा जुना कॉम्प्युटर भंगारात देताना त्यातला ड्राइव्ह काढून ठेवा, चार स्क्रू असतात.

सुरुवात स्टिकर लावलेल्या डिस्कपासून करा, नंतर टीव्हीजवळ किंवा खिडकीत राहिलेल्या, नंतर व्हीसीडी, आणि कंपनीच्या छापील सगळ्यात शेवटी. त्यांना घाई नाही. एका ड्राइव्हनं नाकारली म्हणून डिस्क टाकू नका. प्रत्येकाची लेन्स आणि लेझर वेगळा, एकावर न लागलेली दुसऱ्यावर लागते, आणि वेग कमी करून वाचली तर आणखी काही निघते. मी दुकान बंद करताना अशी एखादी डिस्क चारच्या वेगावर लावून जातो आणि सकाळी येऊन किती टक्के आलं ते बघतो.